अर्ध्यावरचं पठार

४ फेब्रुवारी

पेपर आज गेला. पाठवायचं बटण ताईने दाबलं. मी म्हणत होते तू मोठी, तू दाब. ती म्हणत होती गणित तुझं, मान तुझा. आणि म्हणता म्हणता तिने बोट टेकवूनही टाकलं. तिची सगळी कामं अशीच.

माझ्या समुपदेशक बाईंनी सांगितलंय, रोज नाही जमलं तरी लिहीत जा, आणि वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल काहीच ठाऊक नाही असं धरून लिहा. तर घ्या. मी भौतिकशास्त्रज्ञ आहे, कागद-पेन्सिलवाली. ताई माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. तीही भौतिकशास्त्रज्ञ, पण पान्हा-पक्कडवाली. संस्था एकच, मी तिसऱ्या मजल्यावर, ती तळघरात. आमची मैत्री आधीची, तिच्या भावाशी लग्न नंतरचं. लग्नानंतर मी एकदा "अहो ताई" म्हटलं, तर म्हणाली, "अहो-जाहो करायचं असेल तर माझ्या लॅबमध्ये पाय ठेवू नकोस." तेव्हापासून पुन्हा अगं-तुगं.

नवरा दातांचा डॉक्टर आहे. रात्री जेवताना त्याला आमचं काम पुन्हा एकदा समजावलं. एक अतिशय पातळ स्फटिक घ्यायचा. तो इतका गार करायचा की अंतराळही त्यापुढे उबदार. मग उष्णता त्याच्या आतून जातच नाही, काठाकाठाने जाते, एकाच दिशेने. किती जाते याचं माप निसर्गाचंच: एक पूर्ण वाटा. स्फटिक वेडावाकडा कापला, थोडी घाण राहिली, तरी तो वाटा हलत नाही. माझं गणित म्हणतं, आमच्या स्फटिकात अर्धाच वाटा जाईल. अशा स्फटिकात तसं कोणी दाखवलेलं नाही. आणि ताईने मोजलं तर अर्धाच! आलेख चढत येतो आणि बरोबर अर्ध्यावर सपाट होतो, पठारासारखा.

नवरा म्हणाला, "म्हणजे आतली नस मेलेली आणि ठणका फक्त हिरडीला."

तसंच म्हणायला हवं.

महिनाअखेरीला परिषदेत भाषण माझं. त्यानंतर माझ्या कायम नेमणुकीचा निर्णय. आमच्या विभागप्रमुखांना आम्ही भुवई म्हणतो, कारण होकार-नकार सगळं ते डाव्या भुवईने देतात. भुवई सध्या वर आहे.

९ फेब्रुवारी

भाषणात दोन स्फटिकांचे आलेख शेजारी शेजारी दाखवावेत म्हणून ताईला दुसरा स्फटिक मोजायला सांगितलं होतं. आज फोन केला तर म्हणते, फ्रिज बंद आहे, गळती निघाली, गरम करायला लागला.

तिचा फ्रिज म्हणजे माणसापेक्षा उंच, तांब्याच्या थाळ्या आणि नळ्यांचा लोंबता डोलारा. तो गार असताना त्याचा पंप एकसारखा च्यूं-च्यूं करतो. ती फोनवर गळतीचं सांगत होती आणि तिच्यामागे स्वच्छ ऐकू येत होतं: च्यूं, च्यूं.

मी म्हटलं, "पंप चालू आहे वाटतं?"

"शेजारच्या लॅबचा गं."

शेजारच्या लॅबमध्ये लेसर आहेत. तिथे पंपाचं काय काम? हे तिला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हेही तिला माहीत आहे. इतकं कच्चं खोटं ताई कधी बोलत नाही.

१३ फेब्रुवारी

कुठेतरी पाणी मुरतंय.

तिला डबा द्यायच्या निमित्ताने तळघरात गेले. दार ओढून घेतलेलं होतं. आत ताई आणि एक राखाडी कोटातले गृहस्थ. मी त्यांना ओळखते. दुसऱ्या संस्थेत याच जातीच्या स्फटिकांवर काम करणाऱ्या गटाचे ते प्रमुख. म्हणजे आमचे प्रतिस्पर्धी, साध्या भाषेत. टेबलावर आतून फोम लावलेली एक छोटी पेटी उघडी होती. मी आत शिरताच ताईने झाकण लावलं.

"ही माझी भावजय," ती म्हणाली. "गणित हिचंच."

राखाडी कोट माझ्याकडे बघून हसले. आजारी मुलाच्या आईकडे बघून लोक हसतात, तसे. दोन मिनिटांत पेटी तिथेच सोडून निघून गेले.

"काय आहे गं त्यात?"

"सुटे भाग."

प्रतिस्पर्धी स्वतः चालत येऊन सुटे भाग देऊन जातो? मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. आमचा स्फटिक त्यांच्याकडे जाणार, तिथे मोजमाप होणार, मोठा पेपर निघणार, आणि मी आभाराच्या ओळीत.

१५ फेब्रुवारी

ताई जेवायला आली होती. मी टेबल पुसत होते, बहीण-भाऊ स्वयंपाकघरात. पाण्याचा नळ सोडून ठेवलेला, पण माझे कान तिखट आहेत.

ताई: "भाषणाच्या आधी सांगावंच लागेल."

नवरा: "पक्कं होऊ दे. तोवर एक अक्षर नको. माझी शपथ आहे तुला."

मी आत गेले. नवरा एकदम म्हणाला, "ऑम्लेटमध्ये मीठ घातलं का मी?" तीनदा घातलं होतं. कोणाच्याच घशाखाली उतरत नव्हतं, तरी तिघांनी मुकाट्याने खाल्लं.

शेवटी रक्ताचं नातं ते. मी कितीही झालं तरी बाहेरून आलेली.

१७ फेब्रुवारी

नवऱ्याने दुपारचे सगळे पेशंट पुढे ढकलले आणि मला फिरायला घेऊन गेला. तळ्याभोवती. हल्ली हे दुसऱ्यांदा. मनात काही खुपत असल्याशिवाय माणूस इतका गोड वागत नाही.

अर्ध्या वाटेवर, बुटाची नाडी बांधायला वाकून, जमिनीकडे बघत म्हणाला, "तुझं ते गणित... सहज म्हणून, पुन्हा एकदा तपासलंस का गं?"

तळपायाची आग मस्तकात गेली. "तुला कोणी विचारायला सांगितलं?"

"कोणी नाही."

त्याचे कान लाल झाले. खोटं बोलताना होतात.

मी म्हटलं, "मी तुझ्या रूट कॅनालमध्ये डोकावते का कधी?"

मला कळत नाही असं यांना वाटतं. गेल्या वर्षी माझा एक पेपर परीक्षकांनी फाडून खाल्ला आणि मी पाच महिने घराबाहेर पडले नाही, हे खरं आहे. ताई रोज येऊन माझे केस विंचरायची, हेही खरं. पण ते झालं गेलं. मी आता ठणठणीत आहे. तरी घरात सगळे मी काचेचं भांडं असल्यासारखे वावरतात, आणि माझ्या पाठीमागे माझ्याच कामाचा सौदा करतात.

१८ फेब्रुवारी, बुधवार

नवऱ्याचं तोंड बंद करावं म्हणून सकाळी गणित पुन्हा करायला बसले. जुनी पानं बघितलीच नाहीत. अगदी वेगळ्या वाटेने गेले, म्हणजे दोन्हीकडून एकच उत्तर आलं की त्याच्या नाकावर टिच्चून दाखवता येईल.

उत्तर आलं: एक.

वाटलं घाईत चुकले. पुन्हा केलं. एक. मग जुनी पानं काढली. सहाव्या पानाच्या तळाशी उणे चिन्ह आहे. सातव्या पानाच्या वर ते नाही. पान उलटताना सुटलं. एवढीशी आडवी रेघोटी.

माझं म्हणणं होतं की काठावरची लाट दुभंगते, अर्धी या काठाने जाते आणि अर्धी समोरच्या. ते चिन्ह जागेवर ठेवलं की दोन्ही अर्ध्या एकाच काठाने, एकाच दिशेने जातात. अर्धी आणि अर्धी, झाली एक. म्हणजे नवीन काहीच नाही. नेहमीचाच पूर्ण वाटा.

खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा माणूस हात हलवून येऊ दे, येऊ दे करत होता. ते संपेपर्यंत बघत राहिले.

मग एक विचार आला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. माझं उत्तर चूक. मग ताईच्या आलेखात ते आलं कुठून?

२० फेब्रुवारी

कोणालाही सांगितलेलं नाही. आधी खात्री करून घ्यायला हवी.

चुकलेल्या गणिताशी खरं मोजमाप जुळतंच कसं? थोडंफार नाही, तंतोतंत. निसर्ग काही माझी सातव्या पानावरची चूक वाचून वागत नाही. माणूस वागू शकतो. ताईला माझा आकडा मोजायच्या आधीपासून माहीत होता. मीच सांगितला होता, याच टेबलावर, पाण्यात बोट बुडवून अर्धा लिहून दाखवला होता. ती म्हणाली होती, "अर्धा आला तर तुझी नेमणूक नक्की."

तिने माझ्यासाठी केलं असेल का? की स्वतःसाठी? आता सगळं जुळतं. फ्रिज बंद असल्याचं खोटं, राखाडी कोट, पेटी, नळाच्या आवाजातली कुजबुज. दुसरा स्फटिक मोजला की बिंग फुटणार, म्हणून मोजायचाच नाही.

जेवताना नवऱ्याकडे बघत होते. याला सगळं माहीत आहे. आणि हा शांतपणे सूप पितोय.

२२ फेब्रुवारी, रविवार

सगळं नीट लिहायचा प्रयत्न करते.

सुट्टीच्या दिवशी संस्थेत कोणी नसतं. जिन्यातच ऐकू आलं: च्यूं, च्यूं. ताई पडद्यासमोर पाठमोरी बसली होती. पडद्यावर आलेख, त्यावर सुंदर, सपाट पठार. एकवर. अर्ध्यावर नाही, एकवर.

"फ्रिज बंद आहे ना?" मी म्हटलं.

ती दचकली नाही. खुर्ची फिरवून म्हणाली, "बस."

"मी उभीच बरी आहे. ताई, तू आकडे बनवलेस."

"काय केले?"

"बनवलेस. माझं गणित चुकलंय. उत्तर अर्धा नाहीच, एक आहे. मग तुझा अर्धा आला कुठून?"

तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं होतं तसं काहीच तिच्या चेहऱ्यावर आलं नाही.

"तुझंही चुकलंय?" ती म्हणाली.

"तुझंही म्हणजे?"

तिने खण उघडून नखाएवढी चिप काढली आणि भिंगाखाली धरली. स्फटिकाला ऊब देणारी धातूची पट्टी, म्हणजे हीटर, तिला करंट देऊन तापवायचं. शेजारी तशीच दुसरी, राखीव. "मला वाटत होतं करंट या दुसरीतून जातच नाही. जातो. दोघी तापत होत्या आणि मी एकीचीच उष्णता धरत होते. काठावरून मी समजत होते त्याच्या दुप्पट जात होती."

"म्हणजे पूर्ण एक."

"पूर्ण एक. त्या राखाडी कोटवाल्यांकडे तपासलेला हीटर होता, तो हात जोडून मागून घेतला. हा आलेख त्याच्यावरचा."

म्हणजे मी एका बाजूने चुकले, ती दुसऱ्या बाजूने चुकली, आणि दोन्ही चुका एकमेकींना टेकून उभ्या होत्या.

ती म्हणाली, "तुझा आकडा माहीत नसता ना, तर पहिल्याच दिवशी मी हा हीटर उखडून बघितला असता. पण अर्धा आला, तू अर्धाच म्हणाली होतीस, आणि मी खूश."

"कधी कळलं तुला?"

"पेपर गेला त्याच आठवड्यात शंका आली. खात्री काल झाली."

"आणि मला सांगितलं नाहीस! दोघांनी मिळून लपवलंत!"

"मोजमाप चुकलं म्हणजे गणित पडलं, असंच वाटलं मला. ते तुला नुसत्या शंकेवर कसं सांगायचं? तुला कधी कळलं?"

"बुधवारी."

"आज रविवार आहे."

"ते वेगळं."

"हो का," ताई म्हणाली.

मग ती बराच वेळ चिप पुन्हा डबीत ठेवत बसली. इतका वेळ लागायचं कारण नव्हतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "चार दिवस तुला वाटत होतं की मी आकडे बनवले."

"हो."

"जेवलीस कशी तू?"

मी पडद्यावरच्या पठाराकडे बघत होते. ती म्हणाली, "जा आता. मला हे मोजमाप पुरं करायचंय."

२३ फेब्रुवारी

नवऱ्याशी कडाक्याचं भांडण. मी म्हटलं, तुम्ही मला काच समजता. तो म्हणाला, "काच नाही समजत. पण त्या पाच महिन्यांत या घरात मीही होतो. तुला आठवतं तेवढंच नव्हतं ते."

मी विचारलं, मला काय आठवत नाही? तो म्हणाला, नंतर कधीतरी. मी आग्रह धरला नाही. का धरला नाही, ते मला माहीत नाही.

पेपर मागे घेत असल्याचं पत्र दोघींच्या सहीने गेलं. ताईची सही फोनवरूनच आली, सोबत शब्द एकही नाही.

२७ फेब्रुवारी

भाषण झालं. सुरुवातीलाच सांगितलं की जे ऐकायला तुम्ही आलात ते खरं नाही. मग सहावं पान आणि सातवं पान पडद्यावर दाखवलं, त्यानंतर त्या दोन पट्ट्या. ताई शेवटच्या रांगेत दाराजवळ बसली होती. शेवटी टाळ्या वाजल्या, पाहुण्यांसाठी वाजवतात तशा. एकाने विचारलं, दोन चुकांतली मोठी कोणती? मी म्हटलं, "तिसरी. आम्ही जेवणाच्या टेबलावर फार बोलतो." थोडे लोक हसले. राखाडी कोट मोठ्याने हसले. मी दारापर्यंत पोहोचले तोवर ताई निघून गेली होती.

भुवई खाली. "तुमचा प्रामाणिकपणा वाखाणण्यासारखा आहे," ते म्हणाले. "नेमणुकीचं पुढच्या वर्षी बघू."

मी आता अंथरूण धरीन असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही. तशी घरी येऊन पडलेही. मग भूक लागली.

८ मार्च

ताई रविवारच्या जेवणाला आलेली नाही. दर आठवड्याला तिची खुर्ची नवरा उगाचच जरा ओढून ठेवतो.

इथे खरं लिहायचं ठरलंय, म्हणून लिहिते. तिचे जुने आलेख मी अजून उघडून बघते. कुठे काही खटकतं का, एखादा बिंदू सरकवलेला दिसतो का. काही नाही. स्वच्छ आहेत. मला ते माहीत आहे, आणि तरी बघते. संशय एकदा आत शिरला की कारण संपलं म्हणून निघून जात नाही.

१६ मार्च

शेवटी गेले खाली. ताई फ्रिजच्या पोटात हात घालून जमिनीवर आडवी झालेली. म्हणाली, "माफी मागायला आली असशील तर आधी ती बारीक पक्कड दे."

दिली.

"मला राग संशयाचा आला नाही," ती आतूनच बोलत होती. "म्हणजे आला. खूप आला. पण तो उतरेल. तू बुधवारी धावत खाली येऊन माझ्या अंगावर ओरडली असतीस तर मी तुला तिथल्या तिथे हीटर दाखवला असता. तू वर बसून राहिलीस."

"तूही खाली बसून राहिलीस."

थोडा वेळ पकडीचा आवाज.

"हो," ताई म्हणाली. "बसले."

मग बाहेर येऊन हात पुसत म्हणाली, नवा स्फटिक आलाय, वेगळ्या जातीचा. "गणित कर. पण आकडा मला सांगायचा नाही. घरी नाही, फोनवर नाही. तुझ्या नवऱ्यालाही नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही. मी माझा तुला सांगणार नाही."

"विश्वास नाही म्हणतेस?"

"अजिबात नाही. तुझ्यावरही नाही, माझ्यावरही नाही."

१९ एप्रिल

आज ताई जेवायला आली. दार उघडताच म्हणाली, "माझा आलाय."

माझाही तयार होता, आठवडाभर. जेवण होईपर्यंत आम्ही हवामानावर बोललो, शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर बोललो, नवऱ्याच्या एका पेशंटच्या अक्कलदाढेवर बोललो. ताईने ब्रेडच्या तुकड्याचा चुरा करून टाकला. मी पाण्याच्या पेल्याकडे बोटसुद्धा नेलं नाही.

शेवटी नवराच वैतागला. "आधी कोण सांगतंय?"

"ती," मी म्हटलं.

"ती," ताई म्हणाली.

"मग एकदम बोला. मी तीन म्हटलं की. एक. दोन. तीन."

"दोन!" मी.

"दीड!" ताई.

नवरा आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. "म्हणजे जुळलं नाही? चुकलं पुन्हा?"

मला धस्स व्हायला हवं होतं. झालंच नाही. ताईकडे बघितलं तर तिचा चेहरा लाल, ओठ घट्ट मिटलेले, आणि मग ती जी हसत सुटली, तिला ठसका लागला. मी तिच्या पाठीवर थोपटत होते आणि मीही हसत होते. महिनाभर ती माझ्यापासून काही लपवत असेल, माझा आकडा कुठूनतरी काढून, मला बरं वाटावं म्हणून आपला जुळवत असेल, हे डोक्यातून गेलं नव्हतं. जुळवायचं असतं तर ती दीड म्हणाली नसती.

"दीड?" मी म्हटलं. "नक्की दीड? पठार?"

"सपाट. तीन वेळा मोजलं, वेगवेगळ्या हीटरने. तुझं दोन कसं?"

"सरळ गणित आहे. दोनच येतं."

"मग तुझ्या गणितात काहीतरी सुटलंय."

"किंवा तुझ्या मोजण्यात."

"किंवा माझ्या मोजण्यात," ताई म्हणाली. ती उठून कोट घालायला लागली. "चल. आत्ताच. आधी माझं तपासू."

"नाही. आधी माझं."

नवरा म्हणाला, "निदान ताटं तरी उचला." तोवर आम्ही जिन्यात होतो.